बोरीवरचा झुपका आणि फुलचुखीचा कापूस

बांधावर एक बोर होती. बोरीवर एक झुपका होता. एका जागी शंभर काड्या. नुसता गुंता!

आबा म्हणायचे, "घरटं आहे ते. राहू दे."
आजी म्हणायची, "रोग आहे तो. कापा की!"
तीन वर्षं झाली. झुपका तिथेच.

एक दिवस आली फुलचुखी. अंगठ्याएवढं पाखरू. भुर्र भुर्र! चोचीत सावरीचा कापूस. आज तिला अंडं घालायचं होतं. घरट्यात मऊ मऊ गादी हवी होती.

आला वारा. उडाला कापूस. अडकला झुपक्यात!

"झुपक्या, झुपक्या, कापूस सोड. अंडं माझं थांबेना!"
झुपका म्हणाला, "मी नाही सोडत जा! कोयत्याला सांग."

भुर्र भुर्र!
"कोयत्या, कोयत्या, झुपका काप. झुपका कापूस सोडेना, अंडं माझं थांबेना!"
कोयता म्हणाला, "मी नाही कापत जा! आबांना सांग."

भुर्र भुर्र!
"आबा, आबा, कोयता उचला. कोयता झुपका कापेना, झुपका कापूस सोडेना, अंडं माझं थांबेना!"
आबा म्हणाले, "घरटं कापू नये गं."
"मी पाखरू आहे, आबा. घरटं मला कळतं!"
"बरं बरं. पण चहाशिवाय? मी नाही उठत जा! आजीला सांग."

भुर्र भुर्र!
"आजी, आजी, चहा टाक. आबा कोयता उचलेनात, कोयता झुपका कापेना, झुपका कापूस सोडेना, अंडं माझं थांबेना!"
आजी म्हणाली, "दुधाशिवाय? मी नाही टाकत जा! शेळीला सांग."

भुर्र भुर्र!
"शेळी, शेळी, दूध दे. आजी चहा टाकेना, आबा कोयता उचलेनात, कोयता झुपका कापेना, झुपका कापूस सोडेना, अंडं माझं थांबेना!"
शेळी म्हणाली, "पाल्याशिवाय? मी नाही देत जा! मला बोरीचा पाला हवा. त्या झुपक्यावरचा. कोवळा कोवळा!"

"काय? पुन्हा झुपका?"
फुलचुखी अश्शी तापली! "एवढे मोठे मोठे सगळे! आणि सगळ्यांचं 'आधी तो, आधी ती'! सरका. आधी मी!"

भुर्र भुर्र! टोच टोच, एक पान. टोच टोच, दुसरं पान. चोच दुखली. तरी टोच टोच. शेळीपुढे झाला इवलासा ढीग.

मग काय!
शेळीनं पाला खाल्ला, कच कच.
शेळीनं दूध दिलं, चुर्र चुर्र.
आजीनं चहा टाकला, खळ खळ.
आबांनी चहा प्यायला, फुर्रर्र!
आबांनी कोयता उचलला.
कोयत्यानं झुपका कापला, खाट!
झुपक्यानं कापूस सोडला. फूऽऽ!

आबांनी झुपका उलटा केला. सुलटा केला. आत नुसत्या काड्या!
"अरेच्चा! हे घरटं नव्हतंच की!"
"मग तीन वर्षं मी काय सांगतेय?" आजी म्हणाली.
शेळीला काय त्याचं? तिच्या तोंडात झुपका होता.

फुलचुखीला कुठला वेळ? भुर्र भुर्र! कापूस घरट्यात. फुलचुखी कापसावर. टुप्प!
अंडं!

थोड्या दिवसांनी अंडं फुटलं. टक टक टक! पिल्लू बाहेर आलं. एवढीशी चोच त्यानं एवढी मोठ्ठी उघडली, आणि ओरडलं,
"आधी मी!"