चिंध्यांची बाहुली आणि न थांबणारी खेळणी

एका राज्यात, जिथले पक्षी माणसांशी बोलत आणि माणसांना त्याचे नवल वाटत नसे, रत्नकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्याची राणी वैजयंता. त्यांना दोन लेकरे होती. थोरली शेवंती पाच वर्षांची, धाकटा बकुळ तीन वर्षांचा.

एकदा राजा शिकारीला गेला असता त्याला डोंगरात एक बंद गुहा दिसली. दारावर ‘उघडू नये’ असे कोरले होते. राजाने दार उघडले. आत सोन्याची खेळणी होती. एक हत्ती आपोआप चालत होता, एक मोर आपोआप नाचत होता, एक बाहुली आपोआप गात होती. त्यांना दोरी नव्हती, कळ नव्हती. राजाने ती लेकरांसाठी घरी आणली.

लेकरे ती पाहत बसली. ओढायला काही नव्हते, रचायला काही नव्हते, मोडायलाही काही नव्हते. खेळणी दिवसा थांबत नसत, रात्रीही थांबत नसत. लेकरे आधी आपले खेळ विसरली, मग आपले हात विसरली. एका सकाळी बकुळच्या हातून घास गळून पडला. त्याची बोटे सुकल्या देठांसारखी लोंबत होती. संध्याकाळपर्यंत शेवंतीचीही तशीच झाली. उत्सवाच्या दिवशी नगरातली मुले ती खेळणी पाहून गेली होती, तीही सुटली नाहीत. कुंभाराच्या मुलाला माती धरवेना, माळ्याच्या मुलीला फूल खुडवेना.

खेळणी विहिरीत टाकली, तर ती कोरडीच्या कोरडी परत आली. ती थांबवायची कशी हे शोधायला राजा त्यांच्यासमोर बसला, आणि पाहता पाहता तोही खिळला. भरवले तर खाई, विचारले तर ऐकू येत नसे.

मग सारे राणीवर आले. सकाळी दरबार, मग लेकरांना भरवणे, मग नवऱ्याला भरवणे. दुपारी नगरातल्या आया महाद्वारी येऊन बसत, त्यांचे ऐकून घेणे. राणी चालता चालता खांबाला टेकू लागली. कोणी काही विचारले, तर उत्तर द्यायला तिला क्षणभर वेळ लागे.

एके दिवशी खिडकीत एक साळुंकी येऊन बसली.

“राणी, ही खेळणी अंजनक मायावीने केली. तो काळ्या नदीपलीकडे राहतो. त्या नदीवर लाकडाची नाव तरत नाही. लेकरांनी केलेली होडीच तरते.”

“त्यांची बोटे मिटत नाहीत.”

“तुझा हात त्यांच्या हाताखाली धर. वर धरू नकोस.”

“मी फार दमले आहे.”

“ठाऊक आहे,” साळुंकी म्हणाली. “होडी तरीही लागेल.”

राणीने राज्य प्रधानाच्या हाती सोपवले. शिदोरी बांधली, लेकरांना घेतले आणि ती नदीकाठी आली. पाणी काजळासारखे होते, त्यात आकाशही दिसत नव्हते. राणीने मोठा कागद वाळूवर पसरला, आपले तळवे उपडे न ठेवता उताणे ठेवले, आणि त्यांवर लेकरांचे हात घेतले. शेवंतीने मनगटाने घडी दाबली, ती तिरकी बसली. बकुळने कोपर टेकले, तर कागद फाटला. राणीने गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. बकुळने ती फाटक्या जागी लावली, आपल्या पोटाला लावली आणि आईच्या केसांनाही लावली. दिवस कलला तेव्हा होडी झाली. तिचे नाक एका बाजूला वळले होते आणि बूड फुगले होते.

लेकरांचा डोळा लागला. राणीने होडीकडे पाहिले. एवढी एक घडी सरळ केली तर काय बिघडणार आहे, असे तिच्या मनात आले. तिने नाक सरळ केले, बूड चापून बसवले, फाटका भाग छाटून टाकला. होडी सुबक दिसू लागली. तिने ती पाण्यावर ठेवली, आणि होडी दगडासारखी बुडाली.

राणी वाळूवर बसून राहिली. तिला रडूही आले नाही. लेकरे उठली तेव्हा तिने त्यांना खरे काय ते सांगितले आणि दुसरा कागद पसरला. शेवंतीने विचारले, पुन्हा पहिल्यापासून का. राणी म्हणाली, हो, पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी होडी पहिलीहून वेडीवाकडी झाली. राणीने तिला बोट लावले नाही. पाण्यावर ठेवताच ती हवी तेवढी मोठी झाली. तिघे तिच्यात बसले आणि होडी, नाक वळले होते त्या बाजूने, तिरकी तिरकी पैलतीराला लागली.

पैलतीरावर मायावीची बाग होती. झाडे होती, पण पान नव्हते. काट्यांच्या कुंपणाने वाट अडवली होती. साळुंकी तिथे आधीच येऊन बसली होती. बागेला फूल दिसले की कुंपण उघडेल, असे तिने सांगितले.

राणीने शिदोरी सोडली. तीत भेंड्या होत्या, हळद होती, कुंकू होते. तिने आपला पांढरा शेला जमिनीवर अंथरला. भेंडी देठाकडून आडवी कापली, की तिचे तोंड पाच पाकळ्यांच्या फुलासारखे दिसते. तो तुकडा तिने शेवंतीच्या दोन तळहातांत दिला, खालून आपले हात लावले, रंगात बुडवला आणि शेल्यावर टेकवला. पिवळे फूल उमटले. शेवंतीने ते बराच वेळ पाहिले, मग दुसरे उमटवले, मग तिसरे.

बकुळला मात्र एकच जागा आवडली. तो तिथेच ठसा आपटत राहिला. पिवळ्यावर लाल, लालावर पिवळे, असे करता करता तिथे चिखलाच्या रंगाचा मोठा डाग झाला. राणीच्या हातांना त्याचा हात उचलून दुसरीकडे न्यावासा वाटला. तिने आपले हात जिथे होते तिथेच ठेवले. ते दुखत होते.

सायंकाळी शेला झाडाला बांधला. ठशांची फुले कापडावरून निघाली आणि फांद्यांवर जाऊन बसली. बकुळच्या डागातून मधमाश्यांचा थवा उठला आणि फुलाफुलांवर गेला. कुंपण बाजूला झाले.

अंजनक मायावी आपल्या झोपडीच्या उंबऱ्यावर बसला होता. तो इतका म्हातारा झाला होता, की त्याच्या दाढीत सुगरणीने घरटे केले होते आणि त्याने ते काढले नव्हते. राणीने त्याला वंदन केले आणि शापाचा उतारा मागितला.

“तो शाप नव्हता,” अंजनक म्हणाला. “मला एक मुलगी होती. ती सारखी हाक मारी. मी दमलेला असे. तिने हाक मारू नये म्हणून मी ही खेळणी केली. तिने मग कधी हाक मारली नाही.”

राणीने विचारले, “ती थांबवायची कशी?”

“थांबणे मी त्यांना शिकवले नाही. मला स्वतःलाच ते येत नव्हते. लेकरांनी असे कोणीतरी घडवावे, की ज्याला निजता येते. तेच त्यांना निजवील. याहून अधिक मला ठाऊक नाही.”

राणीपाशी आता कागद नव्हता, रंग नव्हते. तिने पदर फाडला, त्याच्या चिंध्या केल्या, गवताची पेंढी घेतली. उंबऱ्याशेजारी मांडी घालून तिने तळवे उताणे ठेवले आणि लेकरांना बोलावले. “आता बाहुली करू,” असे ती म्हणाली. लेकरे जवळ आली, तोवर तिची मान भिंतीला टेकली होती. तिला गाढ झोप लागली होती.

शेवंतीने तिला हाक मारली. मग हळूच मारली. मग मारलीच नाही. तिने बकुळला सांगितले, आईला उठवायचे नाही.

दोघे चिंध्यांशी झटू लागली. गवत निसटे, पुन्हा गोळा करीत. शेवंतीने चिंधी दातांत धरली आणि दुसरे टोक बकुळच्या हातावर ठेवले. ते सरकू लागले. खाली आईचा हात नव्हता. बकुळने मूठ मिटली. करंगळी मिटली, मग शेजारचे बोट, मग सगळीच. शेवंतीने गाठ मारली. आपण गाठ मारली हे तिला मारून झाल्यावर कळले. अंजनक पाहत होता. त्याने चुलीतला एक कोळसा निववून तिच्यापुढे ठेवला. शेवंतीने आईच्या तोंडाकडे पाहून बाहुलीचे तोंड काढले. डोळ्यांच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या.

राणी जागी झाली तेव्हा बकुळने तिचे बोट धरले होते. तिला वाटले, अजून स्वप्नच आहे. तिने बोट ओढून पाहिले. त्याने सोडले नाही. मग मात्र राणी रडली.

तिघे होडीतून परतले. महालात हत्ती चालत होता, मोर नाचत होता, सोन्याची बाहुली गात होती आणि राजा पाहत होता. शेवंतीने चिंध्यांची बाहुली त्यांच्यात ठेवली. एक पाय आखूड असल्याने ती लंगडत उठली. ती हत्तीपाशी गेली आणि त्याच्या सोंडेवर गवताचा हात ठेवला.

“पुरे झाले,” ती म्हणाली. “नीज.”

हत्ती बसला. मोराने पिसारा मिटला. गाणाऱ्या बाहुलीने एवढेच विचारले, “कोणी रागावणार नाही ना?” चिंध्यांची बाहुली म्हणाली, “नाही.” मग तिचे गाणेही थांबले. महालात इतकी शांतता झाली, की दूरवरच्या घाटावर धुणे आपटल्याचा आवाज ऐकू आला. त्याच घटकेला नगरातल्या लेकरांची बोटे मिटली आणि उघडली.

राजाने डोळे चोळले. आपण किती काळ बसलो होतो, असे त्याने विचारले. राणीने सांगितले नाही. ती म्हणाली, “महाराज, प्रधानाकडून राज्य परत घ्या. दुपारी लेकरांपाशी बसा. खळ पातळ शिजवा, आणि आपला हात खाली ठेवा.”

राजाने विचारले, “आणि तुम्ही?”

“मी निजते.”

राणी आपल्या दालनात गेली. राजाने दाराशी पहारा बसवला आणि कोणी आले तरी उठवू नये अशी आज्ञा केली. मग तो अंगणात जाऊन लेकरांसमोर मांडी घालून बसला. त्याची पहिली खळ करपली. दुसरी गुठळ्यांची झाली. बकुळने ती तशीच त्याच्या मुकुटाला फासली.

ज्यांचे हात चालते झाले त्यांचे चालते राहोत, जी निजली तिला पोटभर झोप मिळो. आणि कथा सांगणाऱ्यालाही आता घटकाभर पाठ टेकू द्या.