उंबऱ्याबाहेरचे जोडे

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. वाती वळता वळता ऐका, पोराबाळांना मांडीशी घेऊन ऐका.

एका नदीकाठी एक राज्य होतं. राजा मनाचा मोठा होता. एकदा बाजारातून जाताना त्याला एका दुकानाच्या पायरीशी लहानगी मुलगी दिसली. तिला आई नव्हती, बाप दारूच्या गुत्त्यावर पडलेला, आणि ही पोर लोकांनी टाकलेली केळ्याची सालं चाटत बसलेली. राजाचं काळीज हललं. त्यानं तिला उचललं, घोड्यावर आपल्या पुढ्यात बसवलं आणि राजवाड्यात नेलं. इथवर त्यानं केलं ते देवाला आवडेल असंच केलं.

पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. अशी आणखी किती असतील? कुणाच्या दाराआड काय चाललंय, मला काय ठाऊक? विचार करकरून त्यानं दवंडी पिटवली. पाच वर्षांचं झालेलं प्रत्येक मूल आता बालमहालात राहील. तिथे तूपभात मिळेल, मऊ अंथरूण मिळेल, पंडित शिकवतील. आईबापांनी सणाला यावं, डोळे भरून पाहावं आणि परत जावं.

त्या राज्याच्या टोकाला एक पानमळा होता. शेवरीच्या झाडांवर नागवेली चढवलेल्या, आत कायम गारवा. मळा राखणाऱ्या नवराबायकोला बरीच वर्षं मूल नव्हतं. बाईनं सोमवार धरले, श्रद्धेनं केले, आणि महादेवानं तिची ओटी भरली. मुलीचं नाव ठेवलं सोमी.

पानमळ्याची एक रीत असते. जोडे कुंपणाबाहेर काढायचे, अनवाणी आत जायचं. सोमी चालायला लागली तेव्हा आईनं तिला पहिल्यांदा हेच शिकवलं. "इथे जीव वाढतायत बाळ, पाऊल हलकं टाकायचं."

दवंडी ऐकून आईच्या हातातली पानांची टोपली तशीच राहिली. सोमीला नुकतंच पाचवं सरलं होतं. शेजारीण म्हणाली, "अगं, आयता तूपभात मिळतोय तर पाठव की. तुझ्या घरी काय पानं चघळून मोठी व्हायची आहे ती?" बाईनं महादेवाला बेल वाहिला, पदर खोचला आणि ती थेट दरबारात गेली.

राजानं तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, तुला लिहिता-वाचता येतं का? तिनं मान हलवली. येत नव्हतं. प्रधान गालात हसून म्हणाला, मग लेकीला शिकवणार काय, पानांच्या जुड्या बांधायला?

"तेही शिकवीन," बाई म्हणाली. "पण महाराज, मी व्रतं करणारी बाई आहे. माझा उपास शेजारणीनं धरला तर तो मला लागू पडत नाही. मूल हा माझा वसा आहे. तुम्ही माझ्याहून शंभर पटींनी मोठे, पण माझा वसा तुम्हाला कसा पाळता येईल?"

राजाला बाजारातली ती पोर आठवली. तो म्हणाला, "आणि जे आईबाप वसा टाकून गुत्त्यावर बसतात, त्यांच्या लेकरांचं काय?"

"त्यांना तुम्ही उचला, महाराज. ज्याचं घर पेटलंय त्याचं मूल आधी बाहेर काढा. पण एक घर पेटलं म्हणून साऱ्या गावाच्या चुली विझवू नका."

राजा घुटमळला. पण कायदा सर्वांना सारखा, असं म्हणून त्यानं तिला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी शिपाई आले. जोड्यांसकट अंगणात शिरले, जोड्यांसकट माजघरात गेले. देवघराच्या पाटाशी सोमी आईला बिलगून बसली होती. तिथून तिला घेऊन गेले. आईनं त्यांना शिव्याशाप दिले नाहीत. तिनं जमिनीवरचे चिखलाचे ठसे पुसले आणि सोमवार पुन्हा धरले.

बालमहालात खरंच काही उणं नव्हतं. मुलांना जरीचे जोडे मिळाले. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं. बाजारातली ती मुलगीही तिथेच होती. तिला या तूपभाताचं फार अप्रूप होतं, आणि सोमी तिच्याच शेजारी झोपायची.

सण आला. महालाच्या चौकात एका बाजूला मुलं ओळीनं उभी, दुसऱ्या बाजूला आईबाप. मुलांनी स्तोत्रं म्हटली, पाढे म्हटले, कुठे म्हणून चूक नाही. राजाची छाती फुगली. प्रेमानं तो म्हणाला, "जा बाळांनो, आता आईला भेटा."

एकही मूल हललं नाही. सगळ्यांच्या माना घंटेकडे वळल्या. समोर आया हात पसरून उभ्या आणि लेकरं घंटेची वाट बघत उभी. राजाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

तेवढ्यात सोमी खाली वाकली. तिनं जरीचे जोडे काढले, नीट जोडीनं बाजूला ठेवले आणि अनवाणी चालू लागली.

राजानं तिला थांबवलं. "जोडे का काढलेस गं?"

"आईजवळ चाललेय ना."

"मग?"

"जिथे जीव वाढतो तिथे जोडे घालून जायचं नसतं," सोमी म्हणाली. तिला वाटलं, एवढं तर राजाला माहीत असेल.

राजानं मान खाली घातली आणि त्याला आपलेच जोडे दिसले. घराघरांत शिरलेले शिपायांचे जोडे दिसले.

सोमी आईच्या कुशीत शिरली. मागे ओळीत ती बाजारातली मुलगी उभी. समोर तिचं कुणीच नव्हतं. सोमीच्या आईनं दुसरा हात पुढे केला. "ये गं, तूही ये." त्या पोरीनं सोमीकडे पाहून जोडे काढले आणि ती धावत सुटली.

मग राजानं स्वतःचे जोडे काढले. तापलेल्या फरशीवरून चालत तो त्या माउलीसमोर आला. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा हुकूम केला नाही, विचारलं. "बाई, हिलाही सांभाळशील? तिला लागेल ते मी पुरवीन. पण या साऱ्यांना अक्षर कोण शिकवणार?"

"ते तुम्हीच शिकवा महाराज," बाई म्हणाली. "शेवरीवाचून वेल वर चढत नाही, मातीत लोळते. पण शेवरी आपण वेलीजवळ लावतो. वेल उपटून शेवरीकडे नेत नाही."

त्याच दिवशी बालमहालाची दारं उघडली आणि मुलं आपापल्या घरी गेली. राजानं गावोगावी शाळा उघडल्या. मुलांनी दिवसा शिकावं आणि दिवेलागणीला घरी यावं. ज्या लेकराचे हाल होत असतील त्याच्या दाराशी राजाचा माणूस जाईच, पण उंबऱ्याशी जोडे काढून. सोमीच्या आईनंही दोघी मुलींना एक दिवस शाळा चुकवू दिली नाही, पानांची तोड असली तरीसुद्धा.

वर्षं सरली. दोघी शिकल्या आणि आसपासच्या गावांतल्या मुलांना शिकवू लागल्या. म्हातारा झालेला राजा एकदा पानमळ्यात आला. कुंपणाबाहेर जोडे काढून आत गेला. दोघी मुली वेली बांधत पाढे म्हणत होत्या, आणि दोघींची पावलं सारखीच हलकी.

राजानं विचारलं, "बाई, यातली तुझी कोणती?"

ती माउली हसली. "तुम्हीच ओळखा, महाराज."

राजानं पुष्कळ वेळ पाहिलं. त्याला ओळखता आलं नाही, आणि त्या दिवशी साऱ्या राज्यात त्याच्याइतका अभिमानानं भरून आलेला माणूस दुसरा नव्हता.

मूल हा आईबापांचा वसा आहे. राज्यानं त्याला आधार द्यावा, पण उंबऱ्याशी जोडे काढून.