बसू की पळू?

एका जंगलाच्या कडेला, जिथे झाडे संपून खडकाळ माळ लागतो, तिथे एक टिटवी राहत असे. तिला चार पिल्ले झाली होती. त्यांतली तीन कोल्ह्याने नेली आणि एकच उरले. टिटवीची पिल्ले अंगावर मातकट ठिपके घेऊनच जन्माला येतात. खड्यांत दबून बसली की आकाशातल्या ससाण्याला ती दिसत नाहीत. पण कोल्हा डोळ्यांनी कुठे शोधतो? तो नाकाने शोधतो. तिन्ही पिल्ले आईने शिकवल्याप्रमाणे गुमान बसून राहिली आणि कोल्ह्याने वास घेत येऊन ती एकेक करून उचलली. टिटवी वरून जिवाच्या आकांताने ओरडत होती. तेव्हा तिला कळले, की आपल्याला येते तेवढे पुरेसे नाही. उरलेल्या पिल्लाला उडता यायला अजून महिना होता. हा महिना त्याने जगायलाच हवे, एवढे एकच आता तिच्या डोक्यात होते.

म्हणून तिने त्याला शाळेत घातले. ओढ्याकाठच्या हिरव्या गवतात, करवंदीच्या जाळीपाशी, तित्तरगुरुजींची शाळा भरत असे. लाव्यांची, सशांची, तित्तरांची पिल्ले तिथे येत. गुरुजी शिस्तीचे होते आणि आपल्या शिस्तीवर त्यांचे भारी प्रेम होते. त्यांचा पहिला धडा असा, "मी हाक दिली की वळून बघायचं नाही, विचार करायचा नाही. थेट जाळीत पळायचं. जो शेवटी येईल, तो दुपारपर्यंत एका पायावर उभा!"

पहिल्याच दिवशी गुरुजींनी हाक दिली आणि सगळी पिल्ले भुर्रकन जाळीत शिरली. टिटवीचे पिल्लू मात्र जागच्या जागी मान खाली घालून बसले. घरी तेच तर शिकवले होते! हिरव्यागार गवतात ते मातकट पिल्लू चांगले उठून दिसत होते. गुरुजी संतापले. त्यांनी खारीला बोलावून टिटवीकडे निरोप धाडला, "तुमचं पिल्लू जरा हळू शिकतं. घरी लक्ष द्या."

आता खारीला तुम्ही ओळखताच. निरोप जसाच्या तसा पोचवला तर ती खार कसली! तिने टिटवीला सांगितले, "गुरुजी म्हणाले, तुमचं पिल्लू ठार मठ्ठ आहे." टिटवीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, माझं पिल्लू ऐकणारं आहे." खारीने त्यालाही तिखटमीठ लावले आणि गुरुजींना सांगितले, "टिटवीबाई म्हणतात, गुरुजींना काही कळत नाही." झाले! त्या दिवसापासून गुरुजी शाळेत म्हणू लागले, "घरचं घरी ठेवायचं." आणि टिटवी घरी म्हणू लागली, "शाळेचं शाळेत."

मोठ्यांना हे सोपे होते. पिल्लाचे डोके मात्र एकच होते आणि ते दोन्हीकडे तेच घेऊन जात होते. शाळेत ते बसले की शिक्षा होई. घरी ते पळाले की आई रागावे, "अरे, या उघड्या माळावर पळून जाणार कुठे तू?" मग ते घाबरून शाळेत पळू लागले, पण चार पावलांवर थांबू लागले. घरी बसू लागले, पण बसल्या बसल्या उठू लागले. इकडे आड, तिकडे विहीर, अशी त्या बिचाऱ्याची गत झाली होती आणि हे ना आईच्या लक्षात आले, ना गुरुजींच्या.

एके सकाळी ते शाळेला निघाले. माळ संपला होता आणि शाळा अजून दूर होती. तेवढ्यात ससाण्याची सावली त्याच्या अंगावरून गेली. पिल्लू चार पावले पळाले, बसले, उठले, पुन्हा पळाले, पुन्हा बसले. ससाण्याची झडप आली तेव्हा ते उठत होते, म्हणून नखे मानेऐवजी पाठीवर बसली. पिसांचा झुबका ससाण्याच्या पायात राहिला आणि पिल्लू गडगडत ओघळीत पडले. आरडाओरडा करत टिटवी धावून आली.

"अरे, बसला का नाहीस?" ती म्हणाली.

"बसलो होतो गं आई. मग गुरुजींचं आठवलं म्हणून पळालो. मग तुझं आठवलं. मग परत गुरुजींचं…"

आपण आणि गुरुजींनी मिळून हे पोर ससाण्याच्या तोंडी दिले असते, हे तिला लख्ख कळले. रागाच्या भरात तिच्या मनात आले, की शाळाच बंद करून टाकावी. पण लगेच कोल्हा आठवला. नाही, शाळा हवीच. पण अशी नको. ती पिल्लाला म्हणाली, "चल. आज मीही येते."

वाटेत खार आडवी आली. "काही निरोप आहे का, टिटवीबाई?"

"आहे. पण माझा मी सांगेन," टिटवी म्हणाली आणि चालू लागली.

गुरुजींनी तिला पाहिले आणि मान ताठ केली. "शाळेत आईबापांचं काय काम?"

"गुरुजी, भांडायला नाही आले. हे बघा." तिने पिल्लाची उघडी पडलेली पाठ दाखवली. गुरुजींचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. ते म्हणाले, "म्हणूनच म्हणत होतो, पळायला हवं. इतकी वर्षं शिकवतोय मी."

"आणि माझ्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या बसायलाच शिकवतात. मला तुमचा धडा बघायचा आहे. मी मागे बसते."

गुरुजी नको नको म्हणत राहिले आणि टिटवी बसून राहिली. टिटवीदेखील समुद्र आटवते, ही म्हण काही उगीच पडलेली नाही. तिने दुसऱ्या दिवशीही हेच केले. तिसऱ्या दिवशी तिने सवयीने गवतात दबून बसून पाहिले, तर लाव्याचे एवढेसे पोर लांबून ओरडले, "टिटवीकाकू, तुम्ही दिसताय!" टिटवी वरमली. ती उठून गुरुजींना म्हणाली, "तुमचं खरं आहे. इथे बसणारा मरेल. मला हे ठाऊक नव्हतं. आता तुम्ही एकदा माझ्या घरी या."

गुरुजी जन्मात कधी माळावर गेले नव्हते. पण समोरची एवढी आपली चूक कबूल करते आहे म्हटल्यावर नाही कसे म्हणणार? ते आले. माळावर ना झुडूप, ना गवताची काडी. इतक्यात वरून एक घार गेली. गुरुजींनी विचार न करता धूम ठोकली! इकडे पळाले, तिकडे पळाले, जाळी काही सापडेना.

"गुरुजी, बसा! बसा म्हणते ना!" टिटवी ओरडली. गुरुजी खड्यांत मान घालून बसले. घार घिरट्या घालून निघून गेली. बऱ्याच वेळाने गुरुजींनी मान वर केली.

"टिटवीबाई," ते हळूच म्हणाले, "मी तुमच्या पिल्लाला एका पायावर उभं करत होतो. ते तर शिकलेलंच होतं. मी विचारलंच नाही कुठे शिकलं ते." गुरुजींना मनापासून वाईट वाटले होते आणि त्यांनी ते लपवले नाही.

मग दोघे त्याच माळावर बोलत बसले. खूप बोलले, मधे एकदा भांडलेसुद्धा. शेवटी ठरले, की दोघांनी पिल्लाला एकच वाक्य सांगायचे, "पायाखाली बघ. खडे असतील तर बस, गवत असेल तर पळ." घरी त्याचा सराव टिटवीने घ्यायचा, शाळेत गुरुजींनी. आणि घर आणि शाळा यांच्या मधली वाट, जी आजवर कुणाचीच नव्हती, ती निम्मी टिटवीने राखायची, निम्मी गुरुजींनी. आणि कोल्हा दिसला, तर पायाखाली काहीही असो, थेट जाळीकडे पळायचे, हेही ठरले. सराव काही सोपा गेला नाही. पिल्लू पुन्हा पुन्हा चुकले. पण आता ते चुकले, की दोन्हीकडून एकच उत्तर येत असे, म्हणून ते हळूहळू सुधारले.

दहाव्या दिवशी ससाणा पुन्हा आला. पिल्लू नेमके मधल्या वाटेवर होते. टिटवीच्या तोंडात "बस!" आले होते आणि गुरुजींच्या तोंडात "पळ!" दोघांनीही आपापला शब्द गिळला आणि एकदमच हाक मारली, "पायाखाली बघ!"

पिल्लाने खाली पाहिले. पायाखाली गवत होते. ते पळाले. आपल्या पिल्लाला असे सरळ, न थांबता पळताना टिटवीने कधी पाहिले नव्हते. ससाण्याची झडप रिकाम्या गवतावर पडली आणि पिल्लू जाळीत शिरले. गुरुजी तर चोच वासून नुसते उभे होते. टिटवी रडत होती आणि हसतही होती.

दुसऱ्या दिवशी पिल्ले शाळेत जमली, तर गुरुजींचा पत्ताच नाही. खूप वेळाने ते धापा टाकत आले. ते सकाळी सकाळी सशाच्या घरी गेले होते, त्याची पोरे कुठे निजतात ते बघायला. येताना ते लाव्याच्या घरी सांगून आले होते, "उद्या तुमच्याकडे येतो."

तात्पर्य : घर आणि शाळा दोन्ही खरेच शिकवत असतील, पण एकमेकांशी बोलत नसतील, तर मूल मधल्या वाटेवर एकटे पडते. म्हणून आईबापांनी शाळेची पायरी चढावी, गुरुजींनी घराचा उंबरा ओलांडावा आणि मुलाला दोघांनी मिळून शिकवावे.