द्वारकेच्या बांगड्या

एका चातुर्मासात मी वेगळाच नेम धरला होता. कुणी कांदा-वांगे सोडते, कुणी मीठ. मी ठरवले, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाच्या लेकीबद्दल शब्द काढायचा नाही. बायका हसल्या. "हा कसला गं नेम? याचं उद्यापन कसं करणार?" तेव्हा त्यांना जी गोष्ट सांगितली, तीच तुम्हांला सांगते.

तालुक्याच्या एका गावी मुलींचे हायस्कूल नुकतेच निघाले होते. तिथे वेणूताई नावाच्या बाई खेळ शिकवायला आल्या. त्यांनी शाळेमागे समोरासमोर दोन खांब रोवले, त्यांना उंचावर लोखंडी कड्या लावल्या आणि मुलींना बास्केटबॉल शिकवू लागल्या. मोठा चेंडू हाताने आपटत न्यायचा आणि कडीतून टाकायचा, असा तो खेळ. पुरुषांची नजर नको म्हणून भोवती बांबूच्या तट्ट्यांचे कुंपण घातले. झाले उलटेच. आतले दिसेना, म्हणून गाव जास्तच डोकावू लागले.

त्या शाळेत द्वारका नावाची मुलगी होती. वडील तापट. "शाळेत जातेस ती माझ्या मर्जीने," असे येताजाता ऐकवायचे. म्हणून द्वारकेने घरी खेळाचे नावच काढले नाही.

एकदा पाने वाढताना तिच्या आईला, यमुनाबाईंना, लेकीच्या उजव्या हातातल्या बांगड्या कमी दिसल्या. मनगटावर ओरखडाही होता.

"बांगडी कशाने वाढली गं?"

"धुण्याच्या दगडावर आपटली, आई."

धुणे तर यमुनाबाई स्वतः धूत. मग कासारीण दारात आली. "वहिनी, तुमच्या द्वारकेला माझी भारीच ओढ. सारखी येते की हो बांगड्या भरायला."

यमुनाबाईंच्या मनात शंका शिरली. कुणी हात धरल्याशिवाय एवढ्या बांगड्या फुटतात का? लेकीला त्यांनी विचारले नाही. विहिरीवर शेजारच्या गोदूकाकूंना मात्र सांगितले. नाव घेतले नाही, आपली एक ओळखीची मुलगी म्हणाल्या.

"कुणाला बोलू नका हं."

"माझ्या पोटात राहील," गोदूकाकू म्हणाल्या.

पोटात ते घागर भरेपर्यंत राहिले. मग ती शंका गावभर हिंडली आणि एका संध्याकाळी कीर्तनात यमुनाबाईंच्याच शेजारी येऊन बसली. एक अनोळखी बाई त्यांच्या कानाशी लागली. "ऐकलंत का? शाळेत त्या तट्ट्यांआड मुलगे येतात म्हणे. एक सायकलवाला आहे. त्याने कुणा पोरीच्या बांगड्या फोडल्या. आमचे हे तर आमच्या मुलीचं नाव शाळेतून काढणार आहेत. तो खेळही बंद पाडणार सगळे मिळून."

"पोर कुणाची?"

"नाव कळलं की सांगते."

यमुनाबाईंनी ओळखले. आपलेच वाक्य सायकलवर बसून परत आले होते. उद्या त्याला नाव चिकटले की द्वारकेची शाळा संपली. नुसती शाळाच नव्हे, तिला चांगले स्थळही येणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्या तडक शाळेत गेल्या आणि तट्ट्या सारून आत शिरल्या. मुलगा एकही नव्हता. पोरी परकर खोचून धावत होत्या. चेंडू द्वारकेकडे होता. तेवढ्यात एका मुलीने मागून तिचे मनगट पकडले. कट्ट आवाज झाला. काचा खाली पडल्या. वेणूताईंनी शिट्टी फुंकली.

"शालन, हात धरलास. या खेळात कुणाचा हात धरायचा नाही. चेंडू द्वारकेला."

यमुनाबाई खाली वाकून काचा वेचू लागल्या. ज्याला त्या भीत होत्या, त्यालाच इथे मनाई होती.

"बाई, काचा लागतात पोरींना. बांगड्या काढून का नाही ठेवत?"

"घट्ट भरलेल्या असतात, निघत नाहीत. फोडा म्हटलं तर पोरी म्हणतात, रिकाम्या हाताने घरी गेलो तर आई काय म्हणेल?"

द्वारका जवळ आली. "आई, बाबांना सांगू नकोस."

"सांगणार. पण आता पाहिलेलं सांगेन."

त्यांनी सांगितले. वडील आधी तडकले. मग एकदा जेवताना म्हणाले, "कडी केवढी उंच असते ती?"

अवघड काम पुढेच होते. यमुनाबाई विहिरीवर गेल्या आणि भरल्या पाणवठ्यावर म्हणाल्या, "ती पोर माझी. शंकाही माझीच. सायकल तेवढी तुमची. आता माझ्याबरोबर चला आणि बघा."

बऱ्याच जणी आल्या. सर्वांत पुढे गोदूकाकू. थोड्याच वेळात शिट्टीच्या आधी त्याच सांगू लागल्या, "धरला, त्या ठेंगणीने हात धरला." यमुनाबाईंनी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून आणल्या होत्या. त्या पोरींच्या बांगड्यांवरून बांधल्या. काचा फुटायच्या थांबल्या. खेळ चालू राहिला.

काही जणी अजून कुंपणाबाहेरच उभ्या होत्या. त्यांच्यासाठी वेणूताईंनी एका बाजूच्या तट्ट्या काढून टाकल्या. येतील त्याही.

तात्पर्य: शंका आली तर आधी लेकीला विचारावे, मग डोळ्यांनी पाहावे, आणि तोंड सगळ्यांत शेवटी उघडावे. मैत्रिणींनो, येत्या चातुर्मासात कांदा-वांगे सोडाल, तेव्हा माझा हा नेमही तुम्ही धरा.