नदीअलीकडची माकडं

एका रुंद पात्राच्या नदीच्या उत्तरकाठी एकदा एक आचार्य राहत. त्यांचा शिष्य रंगनाथ मनाने भला, पण स्वतःच्या भलेपणाचं त्याला अंमळ कौतुकच होतं.

नदीच्या उत्तरेला तांबड्या तोंडाची माकडं, दांडगी आणि भांडखोर. दक्षिणेला वेगळ्या जातीची. डोक्यावर केसांची टोपी, अंगाने लहान, स्वभावाने बुजरी. मधल्या पाण्यामुळे कोणी कोणाच्या वाटेला जात नसे.

उत्तरेच्या एका व्यापाऱ्याच्या आमराईत माकडांनी उच्छाद मांडला. त्याने पिंजरे लावून एक टोळी पकडली आणि आश्रमाच्या होडीसाठी रंगनाथला गाठलं. "मारायचं पाप नको रे बाबा! पलीकडे सोडू. तिथेही माकडंच आहेत की!"

रंगनाथला पटलं. त्याने पिंजरे दक्षिणकाठी उतरवले आणि दारं उघडण्याआधी, शाबासकीच्या आशेने, आचार्यांना बोलवायला आला.

आचार्य भरल्या ताटावरून उठले. पलीकडे जाऊन त्यांनी सगळे पिंजरे परत होडीत चढवायला लावले. अलीकडे आल्यावर ते उघडले कुठे म्हणाल, तर आश्रमाच्याच पेरूच्या बागेत!

उन्हाळाभर कावडीने पाणी वाहून रंगनाथने ती बाग जगवली होती. त्याच्या डोळ्यांदेखत माकडं पिकल्या फळांवर तुटून पडली. त्याला रडू कोसळलं. "गुरुजी, हे काय केलंत? पलीकडे कोणाचं काय बिघडलं असतं?"

आचार्य शांतपणे म्हणाले, "बाळ, आपल्या लेखी ती सगळी माकडंच. पण ही दांडगी टोळी तिथे उतरली असती, तर त्या बुजऱ्यांनी जायचं कुठे? तुला नदी म्हणजे अडसर वाटली. अरे, तिच्याच भरवशावर पलीकडची लेकुरवाळी माकडीण निर्धास्त झोपते. पेरू पुढच्या वर्षी पुन्हा धरतील. ती जात तिथून एकदा नाहीशी झाली, तर तू कुठून आणशील? आपल्या काठाचा उपद्रव आपणच सोसावा."

संध्याकाळपर्यंत रंगनाथ कुरतडलेली फळं वेचत राहिला.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आणखी पिंजरे घेऊन हजर. "काय रंगनाथ, होडी काढतोस ना?"

रंगनाथने बागेकडे एकवार पाहिलं.

"होडी नाही मिळायची, शेठजी. पिंजरे इकडे आणा. झाडांवर अजून थोडे पेरू आहेत."