व्याह्यांचा मान आणि आक्कांचा अंगठा

धाकट्या लेकीच्या लग्नात चंद्राआक्का पंगतीला बसल्या, तर नवे व्याही दौलतराव जिलबी घेऊन पुढ्यात उभे. आक्कांना मधुमेह आहे, हे लेकीने सांगून पाहिलं. पण दौलतरावांच्या मिशा जुमानेनात.

"घास घ्या विहीणबाई, नाहीतर वरात निघायची नाही."

आक्कांनी लुगड्याचा काठ सारून उजवा पाय पुढे केला. अंगठ्याची जागा मोकळी होती.

"थोरलीच्या सासऱ्यांनाही गोडाला नकार चालत नसे. त्यांचा मान राखता राखता अंगठा गेला. आता चार बोटं उरलीत. तुमच्या मानासाठी कुठलं देऊ, ते तुम्हीच निवडा."

जिलबीचा पाक दौलतरावांच्या कोपरापर्यंत ओघळला. मग ते वाढप्याला हळूच म्हणाले, "आक्कांना मेथी वाढ."

पंगतीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांनीही मेथीच मागितली.