जांभळ्या पाहुणीचा मुक्काम

चांदेवळच्या तळ्यात मरळी पटापट मरायला लागल्या, आणि त्याला कारण होती महाराजांची लाडकी पाहुणी!

झालं होतं असं. कुण्या परदेशी साहेबाने रणधीरराव महाराजांना वेताच्या टोपलीतून दोन रोपं भेट दिली. पाण्यावर तरंगणारी, फुगीर देठांची, आणि फूल असं जांभळं की महाराज बघतच राहिले. त्यांनी ती स्वतःच्या हाताने तळ्यात सोडली. पंधरा दिवसांत दोनाची चार झाली, महिन्यात चाराची आठ, आणि वर्ष सरता सरता तळ्यात पाणी आहे हे सांगावं लागू लागलं! कमळं खाली गुदमरली. कमळपक्षी उडून गेले ते फिरकलेच नाहीत. भोईवाड्यातली जाळी खुंटीला लागली.

सखाहरी भोयाची मुलगी गोजरा मेलेली मरळ पाटीत घालून थेट दरबारात गेली.

"महाराज, ही बघा. पान्यात गुदमरून मेली!"

"मासा कधी पाण्यात गुदमरतो का?" महाराज हसले. मग दरबारही हसला.

"मरळ गुदमरते जी. तिला घडीघडीला वर येऊन वारा प्यावा लागतो. तुमच्या पाहुणीनं वरून झाकणच घातलंय. काढून टाका तिला!"

महाराज ताडकन उठले. "पाहुणीला काढा? अगं, सात पिढ्यांत या घराने पाहुण्याला 'जा' म्हटलेलं नाही! पाहुणा आपणहून 'येतो' म्हणतो, मग आम्ही 'या' म्हणतो. ही तर 'येतो' म्हणायचं नावच काढत नाही!"

"त्येच तर दुखणं हाय, महाराज!"

दिवाणजींना खोकला आला. महाराजांच्या मिशा थरथरल्या. "फार जीभ चालते तुझी! आठ दिवस देतो. माझ्या तोंडून पाहुण्याला 'जा' म्हणवून दाखव. दाखवलंस, तर तळं मोकळं करतो. नाही जमलं, तर भोईवाड्याने जाळी गुंडाळायची आणि दुसरं गाव बघायचं!"

तिच्यामागून धावत आलेला सखाहरी हात जोडू लागला. पण गोजरा खणखणीत आवाजात म्हणाली, "कबूल! पर आठ दिस मी बी तुमची पाहुणी. जी वागणूक त्या रोपाला, तीच मला. हलवायचं न्हाई, आन् वाढलो तर 'किती?' म्हून पुसायचं न्हाई."

"कबूल, कबूल!" महाराज म्हणाले. एका पोरीने किती जागा अडणार?

पहिल्या दिवशी गोजरा आणि सखाहरी असे दोघे आले. दुसऱ्या दिवशी चार झाले, तिसऱ्या दिवशी आठ. चौथ्या दिवशी सोळा पाहुणे पाटावर बसले, तेव्हा आचाऱ्याने कपाळाला हात लावला. भोईवाडा संपल्यावर गोजराने खालच्या गावचे सोयरे बोलावले, आणि सोयऱ्यांनी त्यांचे सोयरे! सखाहरीची आत्या झोपाळ्यावरून उतरेना. महाराजांच्या पलंगावर सहा पोरं आडवी झाली. सज्ज्यात लुगडी वाळू लागली.

आणि खरी गंमत पंगतीची. शेवटचा पाहुणा उठल्याशिवाय यजमानाने घास घ्यायचा नाही, ही राजघराण्याची रीत. पंगतीमागून पंगत बसे, आणि महाराज दारात उभे राहून "सावकाश होऊ द्या" म्हणत आवंढे गिळत.

"महाराज, एकदाच म्हणा 'जा'," दिवाणजी कानाशी लागले.

"जीभ झडली तरी म्हणणार नाही!"

आठव्या दिवशी वाड्यात दोनशे छप्पन्न पाहुणे होते. ऊन कलायला लागलं तरी महाराज बधेनात. आपण हट्टाला पेटलो आणि सगळ्या वाडीचं पाणी घालवून बसलो, असं गोजराला वाटू लागलं. तेवढ्यात ओरडा झाला, "महाराज कुठं आहेत?"

गोजराने मागच्या दाराबाहेरची पावलं पाहिली आणि धावत सुटली. महाराज तळ्याकाठी करंजाखाली बसून माहुताने दिलेली कोरडी भाकरी खात होते.

"महाराज, वाडा सोडून हितं?"

"काय करू? आत उभं राहायला जागा नाही, चौथी पंगत अजून ताकभातावर आहे! जीव घाबरा झाला, म्हणून मागच्या दाराने निसटलो. पण 'जा' म्हटलं नाही हं! सूर्य बुडाला की हरलीस."

"न्हाई म्हनला, खरं हाय," गोजरा म्हणाली. "मरळी बी न्हाई म्हनल्या, महाराज. पर तुमच्या वाड्याला मागलं दार होतं. तळ्याला कुटं हाय?"

महाराजांचा घास हातातच राहिला.

समोरच्या हिरव्यागार पानांखाली काहीतरी ढुसण्या देत होतं. पान जरासं उचललं जाई आणि पुन्हा खाली बसे. कितीही ढुसण्या बसल्या तरी ते पान बाजूला होईना.

महाराजांनी भाकरी ठेवली. जरीच्या अंगरख्यासकट ते गुडघाभर पाण्यात शिरले, दोन्ही हातांनी पानांचा झुबका धरला आणि मुळांसकट ओढून काठावर भिरकावला. "चल, नीघ! जा इथून! जा म्हणतो ना!"

उघड्या पाण्यात एका मरळीने तोंड वर काढलं, वारा घेतला आणि सुळकन खाली गेली.

"म्हनलात, महाराज!" गोजरा टाळ्या पिटत ओरडली. "पाहुणीला 'जा' म्हनलात! सूर्य अजून कासराभर वर हाय!"

चिखलाने माखलेले महाराज असे हसले की तोल जाऊन पाण्यातच बसले!

"जिंकलीस, पोरी! ते दोनशे छप्पन्न जेवून ताजेतवाने झालेत ना? बोलव सगळ्यांना ही हिरवळ उपसायला! तळं भोईवाड्याचं. आणि तुला हुद्दा! यापुढे परदेशचं रोप असो, नाहीतर मासा, वर्षभर तुझ्या दारच्या रांजणात मुक्काम. तू 'या' म्हणालीस, तरच संस्थानात पाऊल!"

"आन् त्यो साहेब पुन्ना आला तर, महाराज?"

"त्यालाही आधी रांजणात बसव!"